थंडगार ग्लुटेन-फ्री नूडल्स सॅलड घरी करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की आपल्याकडं दुपारी गॅससमोर उभं राहणं नको होतं, आणि ज्यांच्या घरात कुणाला गहू चालत नाही तिथं तर रोज सकाळी एकच प्रश्न असतो की आज भाकरी सोडून दुसरं काय द्यायचं. थंड नूडल्स सॅलड त्याच्यासाठी फार कामाचं आहे. माझ्या पुतणीला सेलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेननं आतड्याला इजा होणारा आजार, तिच्यामुळं आमच्या घरात हा पदार्थ रुळला, आता सगळेच मागून खातात. लोक सारखं विचारायलेत म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवते.

हे सॅलड म्हणजे नेमकं काय असतं?

शिजवून पूर्ण गार केलेल्या नूडल्स, त्यात बारीक चिरलेल्या कच्च्या भाज्या, वरून आंबट-गोड-तिखट ड्रेसिंग आणि शेवटी काहीतरी कुरकुरीत, एवढंच. व्हिएतनाम, थायलंडकडं तांदळाच्या नूडल्सचं असं खाणं रोजचं आहे, त्यामुळं तांदळाच्या नूडल्स वापरणं म्हणजे गव्हाची जागा कशीतरी भरून काढणं नाही, मुळातच ते तसं असतं. आणि आपल्याला हे अगदीच परकं वाटायचं पण कारण नाही, कच्ची मेथी बारीक चिरून त्यात कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि कच्चं तेल घालून आपण घोळाणा करतोच की, चवीची वाट तीच आहे.

ग्लुटेन-फ्री म्हणजे फक्त चपाती बंद ना?

नाही, आणि सगळी गडबड इथंच होते. ग्लुटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांमधलं प्रथिन आहे. म्हणजे मैदा, रवा, दलिया, शेवया सगळं गेलं. खपली गहू पण गहूच, "जुना देशी गहू आहे, त्यानं काही होत नाही" असं कुणी सांगितलं तरी सेलिॲक असलेल्या माणसाला तो चालत नाही. उन्हाळ्यात आपण जे वळवट करतो, बोटवे, मालत्या, सरगुंडे, ते सगळं गव्हाचं. कुरडई गव्हाच्या चिकाची असते, ती तळून सॅलडवर चुरून टाकायचा मोह होतो कारण कुरकुरीत लागते, पण ती पण बाद.

याच्यापुढं लपलेला गहू येतो. मेतकुटात गहू भाजून घालतात. येसरात, म्हणजे धान्य-मसाले भाजून केलेल्या पिठात, बऱ्याच घरी गहू असतो. सातूचं पीठ आपल्याकडं गहू आणि डाळं मिळून करतात. आणि डबीतला हिंग, त्यात हिंग थोडा आणि पीठ जास्त असतं, ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं निघतं, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, नाहीतर हिंगाशिवाय फोडणी करा, लसूण असला की हिंगाची आठवण येत नाही.

चालतं काय तर तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, भगर, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी. म्हणजे मराठवाड्याचं निम्मं स्वयंपाकघर आधीच ग्लुटेन-फ्री आहे, मला ही गोष्ट लई धीराची वाटते.

नूडल्स कोणत्या घ्यायच्या?

पहिल्यांदा करत असाल तर तांदळाच्या पातळ नूडल्स घ्या, ज्यांना राईस व्हर्मिसेली म्हणतात. त्या सगळ्यात सोप्या. चपट्या रुंद नूडल्स पण चांगल्या लागतात पण त्यांना सांभाळावं लागतं. मुगाच्या पारदर्शक ग्लास नूडल्स मिळतात, त्या गार झाल्यावर तांदळाच्या नूडल्ससारख्या कडक होत नाहीत, त्यामुळं डब्याला उत्तम.

बकव्हीटच्या जपानी सोबा नूडल्सबद्दल जपून राहा, बकव्हीट म्हणजे कुट्टू, तो गहू नाही, पण बाजारातल्या बहुतेक सोबात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

मिलेट नूडल्सचं पाकीट घेतलं तर चालतंय ना?

आधी पाकीट उलटं करा. समोर मोठ्ठं ज्वारी किंवा नाचणी लिहिलेलं असतं आणि मागं घटकांच्या यादीत गव्हाचं पीठ किंवा मैदा निघतो, असं पुष्कळ पाकिटांचं आहे. आटा नूडल्स तर सरळ गहूच. सोबतच्या मसाल्याच्या पुडीतही गहू असू शकतो. पाकिटावर "ग्लुटेन-फ्री" असे शब्द असतील तर आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमानुसार त्यात किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. सेलिॲकवाल्या माणसासाठी घेताना नुसतं "मिलेट" किंवा "हेल्दी" वाचून घेऊ नका, हे शब्द बघूनच घ्या.

नूडल्स भिजवायच्या की उकडायच्या? माझा नेहमी लगदा होतो.

लगदा होतो कारण आपण त्या गव्हाच्या नूडल्ससारख्या गॅसवर उकळत ठेवतो. तांदळात ग्लुटेन नाही, आतून धरून ठेवणारं काही नाही, थोडं जास्त शिजलं की स्टार्च फुगतो आणि सगळं एकमेकांत मिसळून जातं.

पातळ नूडल्ससाठी पातेल्यात पाणी खळखळ उकळा, गॅस बंद करा, मग नूडल्स बुडवा आणि झाकण ठेवा. ३ ते ५ मिनिटं. दर मिनिटाला एक धागा काढून दातानं तोडून बघा, मध्ये पांढरा टिपका दिसला तर अजून ठेवा, टिपका गेला पण धाग्याला ताण आहे असं वाटलं की लगेच काढायच्या, विचार करत बसायचं नाही. चपट्या असतील तर आधी कोमट पाण्यात २०-३० मिनिटं, वाकायला लागेपर्यंत, मग उकळत्या पाण्यात १-२ मिनिटं फक्त.

यानंतरचं काम लोक टाळतात आणि तिथंच सॅलड बिघडतं. नूडल्स चाळणीत ओतून लगेच गार पाण्यात टाका, माठाचं पाणी असेल तर फारच छान, आणि बोटं पसरून हलक्या हातानं खालवर करा. पहिलं पाणी पेजेसारखं पांढरं येतं, तो सुटा स्टार्च, तो तसाच राहिला तर नूडल्स गार होताना एकमेकींना चिकटून गोळा होतो. दुसरं पाणी जवळपास नितळ आलं की बास. नळाखाली धरून पाणी सोडून देऊ नका, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलेलं आपण पाहिलंय, दोन मोठ्या भांड्यांत काम होतं आणि ते पाणी झाडांना जातं. नंतर चाळणी तिरकी ठेवून १० मिनिटं निथळू द्या आणि चमचाभर तेल चोळा. ओल्या नूडल्सवर ड्रेसिंग धरत नाही, सगळं खाली तळाला जमतं.

ज्वारीच्या नूडल्स घरी होतात का?

होतात, आणि मला स्वतःला याच जास्त आवडतात. ज्यांनी ज्वारीच्या पिठाचे शेंगोळे केलेत त्यांना माहितीये की ज्वारी पाण्यात शिजून पण आकार धरू शकते, फक्त पीठ नीट तयार करावं लागतं.

१ वाटी ज्वारीचं पीठ आणि १ वाटी तांदळाचं पीठ. ज्वारी शाळूची, म्हणजे रब्बीची घ्या, मालदांडी किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती, आणि जालन्याची दगडी मिळाली तर तीही, तिला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. पीठ ताजं पाहिजे हे सगळ्यात महत्त्वाचं. विरी गेलेल्या पिठाची जशी भाकरी थापताना चिरते तशा नूडल्सही साच्यातून निघतानाच तुटतात.

२ वाट्या पाणी, मीठ आणि चमचाभर तेल घालून उकळा, गॅस बारीक करून दोन्ही पिठं एकदम टाका, लाटण्याच्या टोकानं भराभर हलवा, झाकण ठेवून २ मिनिटं वाफ द्या आणि गॅस बंद करून अजून ५ मिनिटं तसंच राहू द्या. मग परातीत काढून गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळा, हाताला चटका बसतो, वाटीच्या बुडानं रगडलं तरी चालतं. इथं आळस नको. उकड काढल्यानं स्टार्च शिजून चिकट होतो आणि गव्हात जे काम ग्लुटेन करतं ते इथं हा चिकटपणा करतो. गोळा दाबल्यावर कडेला चिरा पडल्या तर अजून मळा, थोडं गरम पाणी लावा. पहिल्यांदा करणाऱ्यांनी चमचाभर इसबगोल टाकावं, तुटण्याची भीती बरीच कमी होते.

सोऱ्याला आतून तेल लावा, शेवेची मध्यम जाळी लावा, अगदी बारीक जाळीतून ज्वारी निघायला त्रास देते. तेल लावलेल्या इडलीच्या ताटल्यांवर सैलसर वेटोळी पाडा, एकावर एक थर देऊ नका, आणि ८-१० मिनिटं वाफवा. ताटली बाहेर काढली की वरून चकाकी दिसते आणि बोट लावलं तर चिकटत नाही, म्हणजे झालं. आता हात लावू नका. पूर्ण गार होऊ द्या, अर्धा तास तरी, गरम असताना सोडवायला गेलात की चुरा होतो, गार झाल्यावर घट्ट होतात आणि अलगद सुट्या होतात. या नूडल्स धुवायच्या नाहीत.

ज्वारी गिरणीतून दळून आणली तर चालेल का?

गहू फक्त आवडत नाही किंवा कमी खायचाय म्हणून हे सॅलड करत असाल तर खुशाल आणा. सेलिॲक असेल तर नाही. गिरणीत आधीचं दळण गव्हाचं असतं, जात्यात आणि पिठाच्या पिशवीत ते राहतं आणि आपल्या ज्वारीत येतं. घरघंटी असेल आणि तिच्यात गहू दळत नसाल तर प्रश्न मिटला. नसेल तर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं पॅकबंद पीठ घ्या, नाहीतर छोट्या प्रमाणात घरच्या मिक्सरला फिरवून बारीक चाळा. उन्हाळ्यात शेवयांच्या मशीनवर तांदळाच्या शेवया पण करून देतात, पण त्याच मशीनवर दिवसभर गव्हाच्या निघत असतात, त्यामुळं त्याही नकोत.

घरातली भांडी वेगळी पाहिजेत का?

स्टीलची भांडी घासून स्वच्छ केली की चालतात. वेगळं पाहिजे ते चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी उलथणं आणि सोऱ्या. सोऱ्याचं लोकांच्या लक्षातच येत नाही, पण त्याच सोऱ्यातून कुरडया पाडलेल्या असतात आणि जाळीच्या छिद्रांत वाळलेला चीक बसलेला असतो. नवीन सोऱ्या फार महाग नसतो, एक घेऊन त्याला रंगीत दोरा बांधून ठेवा म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही.

ड्रेसिंगचं प्रमाण सांगा ना.

चार जणांना, म्हणजे २०० ग्रॅम कोरड्या नूडल्सना: अर्धी वाटी भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट, २ मोठे चमचे चिंचेचा दाट कोळ, दीड चमचा किसलेला गूळ, एका लिंबाचा रस, २ लसूण पाकळ्या आणि १-२ हिरव्या मिरच्या ठेचून, मीठ, २ मोठे चमचे तेल. सगळं कोमट पाण्यानं सैल करा, ताकापेक्षा जाड आणि पिठल्यापेक्षा पातळ.

चाखाल तेव्हा ते थोडं जास्तच आंबट-खारट लागलं पाहिजे. गार पदार्थात चव दबते आणि नूडल्सना स्वतःची चव नसते, त्यामुळं चमच्यावर बरोबर लागलेलं ड्रेसिंग ताटात मिळमिळीत लागतं.

तेल करडईचं घाण्यावरचं असेल तर तेच वापरा, कच्चं तेल अंगावर घेणारा पदार्थ आहे, त्यात करडईचा वास खुलतो. आणि चिंच-कोथिंबिरीसाठी तर आपल्याला लांब जायची गरजच नाही, लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला २०२४ मध्ये जीआय मिळालंय. कोथिंबीर नुसती वरून भुरभुरू नका, कोवळ्या काड्यांसकट मूठभर घाला.

सोया सॉस नाही टाकला तर चव येईल का?

येईल की. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो, तो आंबवतानाच घालतात. तमारी नावाचा एक प्रकार बिनगव्हाचा मिळतो पण त्याचीही बाटली वाचूनच घ्या. मी तर म्हणेन त्याच्यामागं लागूच नका, चिंच, गूळ, भाजलेला लसूण आणि चमचाभर तीळ भाजून कुटून टाकले की जी खोली पाहिजे ती येते. व्हिनेगर वापरायचं असेल तर पांढरं साधं चालतं, माल्ट व्हिनेगर नको, ते जवाचं असतं.

शेंगदाणा चालत नसेल तर?

तीळ, जवस किंवा कारळं. जवस भाजून कुटलं की ड्रेसिंगला बुळबुळीत दाटपणा येतो, तो मला आवडतो, सगळ्यांना आवडेलच असं नाही. तिळाची ॲलर्जी असणारे पण असतात, पाहुण्यांना आधी विचारून घ्या.

भाज्या कोणत्या, आणि पाणी सुटतं त्याचं काय?

काकडी, गाजर, कोबी, कांद्याची पात हा पाया. काकडीच्या बिया काढून लांब काप करा, मीठ लावून १० मिनिटं ठेवा आणि दाबून पाणी काढा, नाहीतर ताटात तळं होतं. कैरीचे बारीक काप एप्रिल-मेमध्ये टाकलेच पाहिजेत, मग लिंबू कमी करा. मोसंबीच्या फोडी साल काढून घातल्या तर दुपारच्या जेवणाला फार छान लागतात. प्रोटीनसाठी उकडलेलं अंडं, पनीर, वाफवलेली मोडाची मटकी किंवा उरलेलं चिकन. मटकी कच्ची टाकू नका, ५ मिनिटं वाफवा.

टँकरच्या दिवसांत एक काळजी घ्या, या भाज्या शिजणार नाहीयेत, म्हणून शेवटचं धुणं फिल्टरच्या किंवा उकळून गार केलेल्या पाण्यानं करा. नूडल्स ज्या गार पाण्यात टाकता त्यालाही हेच लागू.

घरचे म्हणतात "एवढंसं खाल्लं तर काय होतंय", त्यांना काय सांगू?

हे म्हणणारे दुष्ट नसतात, प्रेमानंच म्हणतात, लेकरू सगळ्यांसारखं खाऊ दे एवढीच त्यांची इच्छा असते. त्यांना शांतपणे सांगा की सेलिॲकमध्ये गहू पोटात गेला की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं, आतल्या अस्तराचं नुकसान होतं आणि मग खाल्लेलं अंगी लागत नाही. पोट दुखलं नाही म्हणजे नुकसान झालं नाही असं नसतं. लेकराचं वजन वाढत नाही, रक्त कमी राहतं, उंची थांबते, त्याच्यामागं हे असू शकतं. त्यामुळं चपातीचा तुकडा मोडलेल्या हातानं सॅलड वाढणं पण टाळायचं. सगळ्या घरानं त्या दिवशी हेच सॅलड खाल्लं तर सगळ्यात उत्तम, कुणाचं ताट वेगळं राहत नाही.

मला गहू सोसत नाही असं वाटतंय, बंद करून बघू का?

आधी डॉक्टरकडं जा, मग बंद करा. सेलिॲक ओळखायची रक्ताची टीटीजी तपासणी आणि गरज पडली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासणं, या दोन्ही गोष्टी गहू खाण्यात चालू असतानाच नीट कळतात. आधीच सोडला तर रिपोर्ट चुकीचा नॉर्मल येऊ शकतो. घरात एकाला निघालं तर आईवडील आणि भावंडांनीही तपासून घ्यावं.

लातूरला क्लाससाठी रूमवर राहतोय, फक्त इलेक्ट्रिक केटल आहे. जमेल?

जमेल. पातळ तांदळाच्या नूडल्स झाकणाच्या डब्यात घाल, केटलचं उकळतं पाणी वर बोटभर येईपर्यंत ओत, ४-५ मिनिटांनी पाणी काढून फिल्टरच्या गार पाण्यात दोनदा खंगाळ. घरून आलेली शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर, तेल आणि चिरलेली काकडी-कांदा. दहा मिनिटांचं काम आहे. तुला सेलिॲक असेल तर चटणी घरी कशात कुटली ते विचारून घे.

एकादशीला चालेल का?

भगरीच्या पिठाच्या आणि थोड्या साबुदाण्याच्या पिठाच्या नूडल्स वर सांगितलं तशीच उकड काढून करा, पाणी थोडं जास्त लागतं. दाण्याचं कूट, लिंबू, हिरवी मिरची, जिरं, काकडी, उकडलेला बटाटा. चिंच-लसूण वगळा. कोथिंबिरीचं ज्याच्या त्याच्या घरी वेगळं असतं.

किती वेळ टिकतं? आमच्याकडं लाईट जाते.

शिजलेल्या तांदळात जंतू लवकर वाढतात आणि त्यातले काही असं विष तयार करतात की जे नंतर गरम करून पण जात नाही. त्यामुळं बाहेर २ तासांच्या वर ठेवू नका, आणि आपल्या ४२ अंशांच्या दुपारी तर तासाभरातच संपवा. फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत ठीक, लाईट बराच वेळ गेली असेल तर टाकून द्या. डब्याला नूडल्स, भाज्या आणि ड्रेसिंग वेगवेगळं भरा, डबा बर्फाच्या पिशवीसोबत द्या, ती सोय नसेल तर त्या दिवशी हे देऊ नका.

फ्रिजमधून काढल्यावर नूडल्स रबरासारख्या कडक झाल्या, आता?

तांदळाचा स्टार्च थंडीत परत घट्ट होतो, त्यात काही बिघडलेलं नसतं. उकळत्या पाण्यात २०-३० सेकंद बुडवा, लगेच गार पाण्यात टाका, निथळा, परत मऊ होतात. भाज्या मिसळलेल्या असतील तर हे करता येत नाही, मग झाकण ठेवून १० मिनिटं बाहेर ठेवा आणि वरून दोन चमचे कोमट पाणी आणि लिंबू मारा, कूट घट्ट झालेलं असतं तेही सैल होतं. ज्वारीच्या असतील तर बुडवू नका, इडलीपात्रात २ मिनिटं वाफ द्या आणि गार झाल्यावरच हात लावा.